दिल्ली–चेन्नई, मधात हिंगणी

सुरुवातीलाच सांगून टाकतो, भुताखेतांचे किस्से सुरू झाले की मला जांभया येतात. माझं कामच मुळी कारखान्यांतली मोजमापाची यंत्रं तपासायचं. जे मोजता येत नाही ते मी सोडून देतो. हेही सोडलं असतं... पण सुटत नाही.

राहतो दिल्लीत, गाव हिंगणी, जिल्हा वर्धा. कामासाठी चेन्नईला जाणं नेहमीचं. हवाई अंतर साधारण साडेसतराशे किलोमीटर, वेळ पावणेतीन तास. नकाशावर सरळ रेघ ओढून बघा, जवळजवळ आमच्या शेतावरूनच जाते! ढग नसले तर बोर धरणाचं पाणी नखाएवढं दिसतं. म्हणून निघण्याआधी मी आईला फोन करायचो. ती तुरीत उभी राहून वर बघायची, मी खिडकीतून हात दाखवायचो. पोरखेळच. माझी बायको कल्पना म्हणायची, "दोघंही सारखेच येडे."

त्या वेळी मात्र फोन केला नाही. मानेत गाठ आली होती, ती झाकायला वर पट्टी लावली होती; चेन्नईत ओळखीच्या डॉक्टरकडे ऑपरेशन ठरलं होतं. बाबा दवाखान्यात गेले ते परत आलेच नाहीत. तेव्हापासून आई दवाखान्याची पायरी चढत नव्हती. तिच्या जिवाला घोर कशाला? कल्पना सोबत होती. मी खिडकीशी बसलो, पण या खेपेला बाहेर बघितलंच नाही. मानेवरच्या पट्टीवर हात ठेवून बसून राहिलो. भीती वाटत होती. आपणही परत आलो नाही तर?

चेन्नईत उतरून मोबाइल सुरू केला, तर आईचाच फोन.

"मानेले पट्टी काऊन लावली रे?"

पट्टीवरचा हात मी झटकन खाली घेतला. "तुले कोनं सांगतलं?"

"कोन सांगन? वरून गेला तवा दिसली. आज हात बी नाई दाखवला. मान धरून बसला होता."

"आई, विमान दहा किलोमीटर वर असते!"

"असू दे. मी काई आंधळी नाई."

"मच्छर चावला, बाकी काई नाई."

"पोट्ट्या, लबाड बोलू नोको. कोन्ता दवाखाना हाय थे सांग. मी निघून राह्यली."

कल्पनाकडे बघितलं. तिने मुलांची शपथ घेतली – एक अक्षर बोलली नव्हती. आईकडे बटणांचा फोन, व्हिडिओचा प्रश्नच नाही. विमान कुठे आहे ते ॲपवर दिसतं म्हणा, पण आत बसलेल्याची मान?

शेजाऱ्याने तिला सेवाग्रामहून गाडीत बसवून दिलं. कल्पना स्टेशनवर जाऊन घेऊन आली. ऑपरेशनच्या सकाळी आई माझ्या खाटेशी बसलेली, मांडीवर पिशवी, तोंडाने सारखी बडबड – इथलं पाणी खारट, भात नुसता पांढरा.

गाठ साधीच निघाली. ते आईमुळे झालं असं मी म्हणणार नाही. योगायोग म्हणायचं असेल तर म्हणा, मीही म्हणून बघितलंय.

पण मला आत नेताना ती दारापर्यंत हात धरून आली. दवाखान्याच्या वासाने तिने नाकाला पदर लावला होता, पण माझा हात सोडला नाही. मी तिला कसा दिसलो, हे आजही मला सांगता येत नाही. तेव्हा मला तीच हवी होती, आणि मी तिला बोलावलं नव्हतं.