कपाळावरची संमती

राज्यशास्त्रात ‘मूक संमती’ नावाची एक संकल्पना आहे. माणूस तोंडाने हो म्हणाला नसला, तरी राज्याच्या रस्त्यावरून चालतो म्हणजे त्याला ते राज्य मान्य आहे, असं समजायचं. सांगलीच्या कॉलेजात मी ती वर्षानुवर्षं शिकवते. एका लेखासाठी तिचा उगम शोधण्याचा मला नाद लागला होता. प्रत्येक जुनं पुस्तक त्याच्याही आधीच्या पुस्तकाकडे बोट दाखवायचं. मला हा विचार पहिल्यापासूनच लबाड वाटत आलाय.

त्याच दिवसांत माझ्या थोरल्या बहिणीने, म्हसवडच्या पलीकडे दिलेल्या आक्काने, सरपंचपदासाठी अर्ज भरला. जागा बायकांसाठी राखीव होती. पाण्याचा टँकर गावात यायचा, पण तिच्या वस्तीपर्यंत कधी पोचायचा नाही. तो वस्तीवर आणायचा, एवढंच तिचं म्हणणं. मी मोठ्या कौतुकाने रजा काढून गेले.

त्याच संध्याकाळी बिरोबाच्या देवळात बैठक बसली. निवडणूक बिनविरोध करायची, माजी सरपंचांच्या सुनेला पद द्यायचं, असं आत बसलेल्या पुरुषांनी ठरवून टाकलं. आम्ही बायका बाहेर पायरीशी होतो. कुणाची हरकत आहे का, असं विचारलं गेलं, तशी आक्का उभी राहिली आणि स्वच्छ म्हणाली, “माझी हाय.” आतून कुणी मानसुद्धा वळवली नाही. मग भंडाऱ्याचं ताट फिरलं. तिकडे देवासमोर भंडारा उचलला की शब्द दिला, आणि तो कुणी मोडत नाही. आत एकेकाने उचलला. ताट बाहेर आलं, पुजाऱ्याने ते आक्कापुढे धरलं. मी तिला अडवणार, तोवर तिने चिमूट कपाळाला लावली होती. आत लगेच बिरोबाच्या नावाने चांगभलं झालं.

वस्तीवर परतताना माझा नुसता संताप संताप होत होता. कायद्यात याला काडीची किंमत नाही, अर्ज मागे घ्यायचा नाही, असं मी तिला बजावलं. घरी चुलीपुढे बसल्यावर ती म्हणाली, “देवाचा भंडारा हाय त्यो. म्होरं आल्यावर न्हाई कसं म्हणू गं?”

दुसऱ्या दिवशी आम्ही तहसील कचेरीत गेलो. साहेब बरा माणूस होता. कुणाचा दबाव तर नाही ना, असं त्याने दोनदा विचारलं. कपाळावरची हळद अजून पुरती गेली नव्हती. न्हाई, म्हणाली आणि तिने अर्ज मागे घेण्याच्या कागदावर सही केली.

माझा लेख अर्धवट पडून आहे. आता पुस्तकं उघडायचीही इच्छा होत नाही. टँकर अजून गावातच थांबतो. आक्का घागर घेऊन त्या रस्त्याने रोज चालत जाते, आणि पुस्तकांच्या मते तिला सगळं मान्य आहे.