मुकी खिडकी

आमच्या घरात माणसं चार आणि कॉम्प्युटर तीन तऱ्हेचे. आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, टेबलावरचा जुना डबा विंडोजचा. माझा लॅपटॉप लिनक्सचा. थोरला भाऊ बंगळूरला नोकरीला, त्या अण्णाचा मॅक. चौथी आई. तिला कॉम्प्युटर नकोच होता. "तुमी तिघं बघत बसलाय तेवढं बास हाय," म्हणायची.

तिघांना एकच मेलचा प्रोग्राम चालावा, त्यात मराठी आणि कन्नड दोन्ही नीट दिसावं आणि नेट गेलं तरी जुन्या मेल वाचता याव्यात, एवढ्याशा मागणीपायी मी तो लिहायला घेतला. नोकरी करत करत सुरू केला आणि पुढं त्याच्यासाठी नोकरी सोडली. दोन-तीन छोट्या कंपन्यांची कामं घरून करायची आणि उरलेला वेळ प्रोग्रामला द्यायचा, असं चाललं. बेळगावात अनगोळच्या आमच्या गल्लीत मात्र माझी ओळख 'ती घरीच असते' अशी झाली. शेजारची काकू लग्नाच्या पत्रिका घेऊन आली की म्हणायची, "तू रिकामीच हाईस न्हवं? नावं घालून दे की." मीही नावं घालून द्यायचे. माझ्या प्रोग्रामपेक्षा माझ्या अक्षराचं गल्लीत जास्त कौतुक होतं.

आप्पा निपाणीला तंबाखूच्या वखारीत कारकून होते. निवृत्त झाल्यावर आम्ही बेळगावला आलो. जन्म अर्ज-उत्तरात गेलेला माणूस, त्यामुळं प्रोग्राममधली चूकसुद्धा ते तोंडानं सांगत नसत. पलीकडच्या खोलीतून रीतसर मेल यायची : 'प्रति, मा. प्रोग्रामकर्ती यांस. विषय : पत्र उघडण्यास विलंब होत असलेबाबत.' मी उलट लिहायचे, 'आपला अर्ज विचाराधीन आहे.' मग मात्र ते स्वतः उठून दारात यायचे. "विचाराधीन म्हंजे करणार न्हाईस, ठाऊक हाय मला. मी बी जन्मभर तेच लिवत आलोय."

त्यांच्यासाठी मी दोन सह्यांची सोय केली होती. गल्लीतल्या लोकांचे अर्ज आप्पाच लिहीत. कन्नडमध्ये लिहायचं ते इथल्या कचेऱ्यांना, मराठीत लिहायचं ते पलीकडे कोल्हापूरकडच्या. पत्ता घातला की प्रोग्राम आपोआप त्या त्या भाषेतली सही खाली लावायचा. ही सोय जगात आणखी कुणाला लागली असेल असं मला वाटत नाही, पण मला ती फार आवडते.

आता माझी चूक सांगते. बटणं, चौकटी, याद्या या गोष्टी बाजारात तयार मिळतात. बहुतेक लोक त्याच वापरतात. पण मी घेतलेल्या तयार चौकटींत मराठीच्या वेलांट्या वरून कापल्या जायच्या आणि कन्नड अक्षरांच्या खाली येणारी जोडाक्षरं अर्धी गायब व्हायची. माझा स्वभाव मुळात तापट. एके दिवशी मी ते सगळं काढून टाकलं आणि प्रत्येक बटण, प्रत्येक ओळ स्वतः चितारायची असं ठरवलं. पडदा म्हणजे कोरी पाटी, तिच्यावर सगळं मी काढणार. वर्ष गेलं त्यात. पण तिन्ही कॉम्प्युटरवर अक्षरं मोत्यासारखी उमटली. परक्या देशांतल्या लोकांनीही ते पाहून प्रोग्राम उतरवून घेतला. मी फुशारून गेले.

आणखी एका गोष्टीचा मला अभिमान होता. मेल तुमच्या कॉम्प्युटरवर उतरते आणि तिथंच राहते. मध्ये कुणी डोकावत नाही, मीसुद्धा नाही. प्रोग्रामच्या पानावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : 'पत्र लिहिणारा आणि वाचणारा. तिसरं कुणी नाही.'

प्रोग्राम फुकट होता, पण त्याचा कोड मी कुणाला दाखवत नसे. लोक विचारायचे, खुला कर, आम्ही हातभार लावतो. मला ते हातभार म्हणजे घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं असं वाटायचं. खरं कारण वेगळं होतं. बाहेरची खोली मी लख्ख ठेवली होती आणि आतल्या खोलीत पसारा होता. पाहुण्यानं आत येऊ नये एवढंच मला हवं होतं.

आप्पांची नजर कमी होतेय हे आमच्या लक्षात आलं ते ताटाशेजारचा तांब्या तीन-चारदा लवंडल्यावर. त्याआधी त्यांचे अर्ज आले होते, 'अक्षर मोठे करणेबाबत.' मी अक्षर मोठं केलं. पुन्हा अर्ज आला, मी आणखी मोठं केलं आणि अशी सोय दुसऱ्या कुठल्या प्रोग्राममध्ये नाही म्हणून खूश झाले. एकदाही उठून त्यांच्या डोळ्यांकडं बघितलं नाही. याची लाज मला आजही वाटते.

दिवाळीनंतर डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधानं टिकवायची. उरलेल्या नजरेत आप्पांना घरात वावरता यायचं, वाचता मात्र येत नव्हतं.

मग नाश्ता झाला की त्यांच्या मेल मी वाचून दाखवू लागले. पेन्शनच्या, अण्णाच्या, कुणाच्या तरी जमिनीच्या उताऱ्याच्या. ते सांगतील तसं उत्तर लिहायचे. फक्त एका माणसाच्या मेल ते वाचू देत नसत. हा त्यांचा निपाणीचा मित्र. वखारीत दोघांची टेबलं तीस वर्षं एकमेकांना चिकटून होती. मित्राला आता ऐकू कमी येतं, त्यामुळं फोनवर बोलायचं म्हणजे गल्लीला ऐकवायचं. म्हणून दोघं मेलवरच बोलत. मी त्यांचं नाव घेतलं की आप्पा म्हणायचे, "ते ऱ्हाऊ दे. सावकाश बघू." न वाचलेल्या मेल ठळक अक्षरांत एकाखाली एक साठत गेल्या. शेवटी मित्राला वाटलं असेल हा रागावला, कारण मेल येण्याचं प्रमाण कमी झालं.

मला पडून राहिलेलं काम बघवत नाही. शिमग्याच्या सुमारास एका सकाळी मी न विचारताच त्यातली सगळ्यात जुनी मेल उघडली आणि वाचायला लागले. ती डॉक्टरांकडं जायच्या आधीची होती. "तुला दिसंना झालंय हे घरात सांगितलंस का अजून? मला सांगून वर्ष झालं. भ्या वाटतंय म्हणून रडतोस मजजवळ, पन पोरगी..."

"बंद कर," आप्पा म्हणाले.

आवाज चढला नव्हता. मी बंद केली. त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं.

आमच्यासमोर आप्पा कधी घाबरले नव्हते. घाबरायला त्यांच्याकडं जगात एकच जागा होती आणि तिच्या दारात मी उभी होते. तिसरं कुणी नाही असं जगाला सांगणारी मी स्वतःच्या घरात तिसरी होऊन बसले होते. उद्या परवानगी मागून वाचलं असतं तरी काय फरक पडणार होता? मुलीच्या तोंडून ऐकायची ती पत्रंच नव्हती.

आंधळ्या माणसांसाठी पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवणारे प्रोग्राम असतात. त्याच दिवशी मी एक आप्पांच्या कॉम्प्युटरवर बसवला. त्यानं बाकी सगळं घडाघडा वाचलं. माझ्या प्रोग्रामवर आला, "खिडकी" म्हणाला आणि गप्प झाला. पुन्हा केलं, पुन्हा "खिडकी." त्याची रीत अशी की तो प्रत्येक बटणाला तू कोण म्हणून विचारतो, आणि तयार बटणं उत्तर देतात. माझी बटणं नुसती चित्रं होती. ती उत्तर काय देणार? जी अक्षरं मी वर्षभर बसून मोत्यासारखी काढली होती, ती त्याच्या लेखी नव्हतीच.

मेलचा दुसरा, बोलका प्रोग्रामही घालून दिला. आप्पांनी चार दिवस प्रामाणिकपणे प्रयत्न केला. त्यात एकाच मेलमध्ये मराठी-कन्नड आलं की त्याची गाडी रुळावरून घसरायची, जुन्या मेल सापडायच्या नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, "हातांस्नी तुझाच ठाऊक हाय गं. त्योच बोलता कर की."

म्हणजे तिन्ही कॉम्प्युटरांची बोलायची पद्धत वेगवेगळी, ती शिकून सगळी चित्रं बोलती करायची. उन्हाळाभर मी डोकं आपटलं. एक बटण बोलायला लागलं की यादी मुकी व्हायची. आप्पा रोज विचारायचे नाहीत, पण मी खोलीतून बाहेर आले की माझ्या पावलांच्या दिशेनं मान वळवायचे. श्रावणात मी हात टेकले. हे एकटीचं काम नव्हतं.

कोड खुला करायचा तर आधी आतली खोली झाडायला हवी होती. कोडमध्ये मी स्वतःसाठी मराठीत शेरे लिहून ठेवले होते : 'इथं हात लावशील तर मार खाशील.' 'हे का चालतंय देवाला ठाऊक.' आणि जागोजागी, 'आप्पांसाठी.' दोन दिवस साफसफाई केली, मग कंटाळून तसंच ठेवलं. आई शेजारी शेंगा सोलत बसली होती. "समद्यांस्नी दाखवालीस, कुनी चोरलं म्हंजे?" मी म्हटलं, "चोरून दुरुस्त करून दिलं तर बरंच हाय की." कोड प्रोग्रामच्या पानावर ठेवला आणि वर चार ओळी लिहिल्या : हा प्रोग्राम बोलत नाही. माझ्या वडिलांना दिसत नाही. मला हे जमत नाही. ज्याला जमत असेल त्यानं यावं. 'मला जमत नाही' हे शब्द चारचौघांत लिहायला मला चाळिशी गाठावी लागली.

पहिले आले ते चुका काढणारे. एकानं लिहिलं, सगळं पाडून नव्यानं बांधा. मी त्याला असं झोंबणारं उत्तर दिलं की दुसऱ्या दिवशी माफी मागावी लागली. मग एकाची मेल आली, समुद्रापलीकडच्या कुठल्याशा थंड गावातून. लिहिलं होतं, मी जन्मापासून आंधळा आहे, हेच काम करतो, तुमची खिडकी मला भिंतीसारखी लागते, पण भिंत चांगली बांधलेली आहे. पुढं एक प्रश्न होता. तुमच्या कोडमध्ये एक शब्द सारखा येतो, मला वाचून दाखवणारा प्रोग्राम त्याचा काहीतरी विचित्र उच्चार करतो. तो काय आहे?

मी लिहिलं, 'आप्पांसाठी. म्हणजे, माझ्या वडिलांसाठी.'

त्यानंतर चार दिवस त्याचं काही आलं नाही. पाचव्या दिवशी आलं ते विंडोजवरच्या यादीचं काम. ते करताना त्यानं नवीन भर घातली होती, तिच्या शेजारी त्यानंही तोच शेरा इंग्रजी अक्षरांत लिहिला होता. मी तो वाचला आणि उठून गच्चीवर जाऊन रडले. ज्याला मी पाहिलं नाही आणि जो मला कधीच पाहणार नाही, तो माझ्या बापासाठी राबत होता.

संक्रांतीपर्यंत आम्ही दोघं या कामाला चिकटून होतो. मॅकचं काम तिसऱ्याच कुणीतरी येऊन केलं आणि नावही नीट न सांगता निघून गेलं. मधल्या काळात आप्पा कानाला हेडफोन लावून प्रत्येक नवा नमुना तपासायचे. आत बोलणारा आवाज बाईचा. "ही बाई कन्नड वाचाली की वखारीतल्या कानडी साहेबागत वाटतीय," म्हणून हसायचे. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "कोन बाई आलीय गं तुझ्या आप्पांकडं?"

तिळगूळ वाटून झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी यादी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत बोलली. मराठी मराठीसारखी, कन्नड कन्नडसारखी. आप्पांची बोटं कळांवर सावकाश चालत होती. मी मागं उभी राहून पडद्यावर बघत होते, कुठं अडतंय का म्हणून. ते पेन्शनच्या मेलवरून पुढं गेले, अण्णाच्या मेलवरून पुढं गेले आणि निपाणीच्या पहिल्या ठळक ओळीवर थांबले. थांबलेलं बोट तसंच ठेवून त्यांनी एका कानावरचा हेडफोन सरकवला.

"हाईस का अजून मागं?"

"व्हय आप्पा. पुढचं बटण बोलतंय का बघालेय."

"बोलंल ते. तू जा आता. आनि जाताना दार लाव."

मी बाहेर आले, दार ओढून घेतलं आणि तिथंच भिंतीला टेकून रडायला लागले. आई हात पुसत धावत आली. "काय झालं गं? चालत न्हाय व्हय?"

"चालतंय गं आई," मी म्हटलं. "मला बाहेर काढलं त्यांनी."