माझ्या वाट्याचे दिवस

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मी दिवाणावर आडवी होते. पोटावर उद्याच्या तारखेची फाईल. दिवाळीची सुट्टी मुलाने कुणाकडे काढायची, एवढ्यावरून दोन शिकलेली माणसं भांडतायत आणि मी त्यातल्या आईची वकील आहे. पलीकडच्या खोलीत ओवी, माझी मुलगी, अभ्यास करतेय. तिचा पंखा करकरतो. ती करकर हळूहळू लांब जाते, आणि मी कौटुंबिक न्यायालयाच्या जिन्यात असते.

कोर्टात कुणी नाही. मुलांच्या भेटीच्या खोलीचं दार उघडं आहे. दाराशीच, पोरांच्या बुटक्या लाल खुर्चीवर, रेवती बसलीय.

रेवती म्हणजे माझ्या नवऱ्याची, पूर्वीच्या नवऱ्याची, दुसरी बायको. गेल्या भाद्रपदात डेंग्यूने गेली. मी अंत्यविधीला गेले नव्हते. ओवी गेली, आणि तेराव्यापर्यंत मिरजेला तिकडेच राहिली. त्यातले बहुतेक दिवस माझ्या वाट्याचे होते. सोळा वर्षांच्या मुलीला मी काय बोलणार? पण मोजले मात्र.

"या ना ताई," रेवती म्हणते. "उभ्या का?"

"तुझं इथे काय काम? ही खोली आईबापांची."

"म्हणून तर दाराशी बसलेय."

मेल्यावरही हिच्याकडे उत्तर आहे. मी समोरची खुर्ची ओढते, तर ती तिच्या स्वयंपाकघरातली निघते. या घरात मी कधीच पाऊल टाकलं नाही. खाली गाडीतून हॉर्न वाजवायचे, बस. गॅसवर काहीतरी रटरटतंय. भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत, एकावर एक चढत गेलेल्या. ओवीची उंची. माझ्याकडे असली एक रेघ नाही. मी घरमालकाच्या भिंती जपत राहिले.

"ओवी तुला काय म्हणायची?" माझा आवाज उलटतपासणीचा लागतो.

"तुम्हीच तर लिहून घेतलं होतंत."

हो. घटस्फोटाच्या अटींत मी स्वतः घातलं होतं, की मुलगी दुसऱ्या कुणाला आई म्हणणार नाही. जज्जसाहेब चष्म्यावरून बघत राहिले होते. आजही घालीन.

"मग काय म्हणायची?"

"काही नाही. नुसतं ए. ए, भूक लागलीय. ए, इकडे ये ना."

मला ओवी वाक्यागणिक आई म्हणते, आम्ही कोर्टात साहेब म्हणतो तसं. ए म्हणून तिने मला कधी भांडतानासुद्धा हाक मारलेली नाही.

"स्वतःचं मूल नको होतं तुला?"

"हवं होतं. झालं नाही." ती गॅस बारीक करते. "मला एक सोडून एक शनिवार-रविवार मिळायचे. रविवारी तुमचा हॉर्न वाजला की ती चप्पल शोधायला लागायची. सापडायचीच नाही. मी लपवलेली असायची."

"वकिलाला सांगतेस हे?"

"आता कशाला भिऊ?"

मला हसू येतं आणि त्या हसण्याचाच राग येतो. मी उठते, तर हातात साक्षीदाराच्या पिंजऱ्याचा कठडा आहे आणि रेवती माझ्या मागे उभी आहे.

"वळू नका," ती म्हणते. तिची बोटं माझ्या केसांत शिरतात. गार नाहीत. "किती गुंता हा, ताई."

"लाड सगळे तुझ्याकडे," मी म्हणते. "मला शाळा, डबे, ओरडणं."

"आजारपणंही तुमच्याकडेच यायची. गोवर आला तोही तुमच्याच दिवसांत." बोटं थांबतात. "तापात ती कुणाला हाक मारायची हो?"

मला उत्तर माहीत आहे. ती वाट बघते. एवढं एक मी तिला देणार नाही.

डोळे उघडतात तेव्हा खिडकीतलं ऊन पिवळं झालंय, फाईल जमिनीवर आहे. मान अवघडलीय म्हणून हात मागे नेते, तर हाताला वेणी लागते. मी मोकळ्या केसांनी झोपले होते. घट्ट, चार पेडांची वेणी. मला तीनच पेडांची येते.

ओवी चहा घेऊन दारात उभी आहे. "मी घातली. झोपेत सारखे तोंडावर येत होते केस."

"चार पेडांची कुठे शिकलीस?"

ती कपाकडे बघते. "अशीच."

मी वेणीच्या टोकाचं रबर ओढायला जाते. ती माझ्या हाताकडे बघतेय, कोर्टात मुलं बघतात तशी, आता कुणाला वाईट वाटेल याचा अंदाज घेत. मी हात खाली घेते.

"मलाही शिकव," मी म्हणते.

ती कप ठेवते, माझ्याकडे पाठ करून खाली बसते, आणि आपले केस सोडते.

"हा पेड खालून घे. नाही, उलटा धरलास." ती हसते. "रेवतीनं पण पहिल्यांदा असंच..."

आणि मागे वळायला लागते.

मी पेड सोडत नाही.

"सांग की," मी म्हणते. "पहिल्यांदा काय झालं?"