लस टोचली ती संध्याकाळ

आज मोरीतल्या जंतुनाशक कार्बोलिकच्या वासानं मला आमच्या तालमीत नेलं. त्या संध्याकाळी कुस्तीची मेहनत संपताच, साथीमुळं गावात आलेले डॉक्टर प्लेगवर बोलले आणि लस कोण घेतंय म्हणाले. मी एकटाच उठलो. माझा जोडीदार शिवा ओरडला, "अरं, सुईतनंच रोग घालत्यात! मरशील की!" मी दंड पुढं केला. कार्बोलिक लावून, सुई टोचून डॉक्टर टांग्यातून निघून गेले.

जोडीदारानं जोडीदाराच्या पाठीवरची माती काढायची, ही आमची रीत. "ये की, शिवा."

"न्हाय गड्या, घरात तान्हं हाय."

तेव्हा मी त्याच्या अडाणीपणावर चिडलो. आज व्याख्यान देऊन टांग्यात बसणाऱ्यांवर चिडतो. ते निघून जातात; त्या घाबरलेल्या माणसांत राहायचं तर मला होतं! त्या संध्याकाळी हातभर अंतरावर बसून आम्ही दोघं आपापली पाठ, हात पोचेल तेवढीच, पुसत राहिलो.