दाजींची लांडगीण

माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि शाळा चौथीतच सुटली, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुकांची आधीच माफी मागते. पण एक गोष्ट छातीठोकपणे लिहिते. रोमच्या राजांशी घरोबा असलेला माणूस अख्ख्या सोलापुरात एकच, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे.

दाजी सूतगिरणीतून रिटायर झाले आणि जुनी रोमन नाणी गोळा करू लागले. सोन्याचांदीची नव्हेत, ब्राँझची. नखाएवढी, हिरवी पडलेली. भिंगातून राजांची तोंडं बघून ते त्यांच्या तब्येती सांगतात. दुहेरी हनुवटीवाल्याला साखरेचा त्रास होता, बारीक ओठांच्या राजाला बायको बोलू देत नव्हती. नाण्यावर राजा नेहमी एका बाजूनेच दिसतो, त्यामुळे दाजींना समोरून माणूस पटतच नाही. त्यांच्या पुतण्यासाठी मुलगी बघायला वैरागला गेलो, तर पोहे खाताखाता तिला म्हणाले, "बाळ, जरा भिंतीकडं तोंड करून बस." मग खूश होऊन जाहीर केलं, की नाक थेट राणीचं हाय, आता मागच्या अंगाला काय कोरायचं तेवढं ठरवू. ते स्थळ तिथंच मोडलं.

एका दिवाळीला अक्काने तांब्या-पितळेच्या भांड्यांबरोबर त्यांची चार नाणीही चिंच लावून लखलखीत घासली. भांडं हिरवं राहिलं तर बाईला नावं ठेवतात आमच्यात. पण हिरवा थर गेला की जुन्या नाण्याची किंमतच जाते म्हणे; दाजींनी दहा दिवस दाढी केली नाही. कोण गेलं ते न विचारताच शेजारचे भेटून, चहा पिऊन गेले.

गेल्या वर्षी त्यांना एक नाणं मिळत होतं. एका अंगाला शिरस्त्राण घातलेली बाई, दुसऱ्या अंगाला दोन बाळांना पाजणारी लांडगीण. पाच हजार कमी पडत होते. कडक भाकऱ्या विकून मी मोठ्या शेगडीसाठी तेवढेच साठवले होते, ते काढून दिले. नाही म्हणायला जीभ लागते, ती मला नाही.

मग दर रविवारी मी पैसे मागायला जायची. चपला काढेपर्यंत वाक्य तयार असायचं. दाजी दारातूनच अक्काला ओरडून सांगायचे, आली बघ, कदर असलेली. लांडगीण माझ्या तळहातावर ठेवून धाकटं पोर कसं लाथ झाडतंय ते दाखवायचे. चहा पिऊन, आणखी एक राजा शिकून मी परत. इकडे जुन्या शेगडीवर भाकऱ्या करपत होत्या, गिऱ्हाईकं तुटत होती. एका रविवारी अक्काने ताटात माझीच करपलेली भाकरी वाढली. दाजींनी ती उलटीपालटी करून बघितली आणि खाल्ली.

चार दिवसांनी ते स्वतः घरी आले. पाचशेच्या दहा नोटा पुढे केल्या. लांडगीण कुठंय, मी विचारलं.

"इकली. दोन्ही पोरं घिऊन बार्शीला गेली."

मी म्हणाले, "दाजी, मी मागितले कुठं होते?"

"मागितलं असतंस तर भांडलो असतो की. भांडून ठिवून घेतली असती. तू लई गप बसलीस."

मग म्हणाले, मोज, माझ्यादेखत मोज. मी दोनदा चुकले, डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. तिसऱ्यांदा पाच हजार पुरे भरले.