सरूमावशीचा आवाज

हे मी आजवर कुणापुढेच बोललो नाही. बायकोपुढेही नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. की सरूमावशी आता राहिली नाही म्हणून? खरंच सांगता येत नाही.

मी भिलाईचा. वडील तिथल्या स्टील प्लांटमध्ये होते, गाव भंडाऱ्याकडचं. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. कंपनीनं मला वर्षभर जर्मनीला पाठवलं होतं. तिथं एका शहरात बंद पडलेल्या छापखान्यात तरुण पोरंपोरी घुसून राहत होती. एकत्र रांधायची, पोलीस आले की हातात हात धरून दारात उभी राहायची. आणि तळघरात लॅपटॉपवर संगीत — नुसता ठोका, त्यावर कुणाचं तरी बोलणं, मागे ट्रामचा खडखडाट. मी वेडा झालो. सुट्टी मिळाली की गाड्या बदलत फिरायचो, स्टेशनांचे आवाज टिपायचो, त्यांचे ट्रॅक बनवायचो.

परत आलो तेव्हा वाटलं, अरे, हे तर आपल्याकडेही आहे! माझा शाळेतला दोस्त विलास तसाच राहत होता. एक लहानसा कारखाना बंद पडला, मालकानं कामगारांना काढून त्यांच्या खोल्यांना कुलपं लावली. तेव्हा विलासची आई, म्हणजे सरूमावशी, बायामाणसं घेऊन आत शिरली होती. पुढे तिथं नळ आला, बाबासाहेबांचा फोटो लागला, पोरांची शिकवणी सुरू झाली. मालकानं केस टाकली. वस्तीचं म्हणणं एकच — जुन्या मॅनेजरनं स्वतःच्या हातानं किल्ल्या दिल्या. मॅनेजर वारला होता. सगळी केस त्या किल्ल्यांवर उभी होती.

मी रेकॉर्डर घेऊन गेलो. मावशी भाकरी थापत होती. विलास बाजूला बसला होता. मी विचारलं, कशी गं शिरली होतीस आत? ती हसली — काय हसायची ती!

"किल्ली कोन देते रे बाबू? सब्बलनं कुलूप म्याच तोडलं. दोन घावात."

पिठाच्या हातानं पहार मारल्यासारखं करून दाखवलं, मग एकदम थांबली. "हे बाहेर नको जाऊ देजो हं."

"नाही जात, मावशी."

नाही जात. मी म्हणालो तसं.

घरी येऊन ऐकलं. ते हसू, ते ‘दोन घावात’, भाकरीवरची थाप. त्या थापेवरच मी ठोका बसवला. सांगू? इतकं सुंदर माझ्याकडून त्याआधी काही झालं नव्हतं. कुणाला मराठी कळणार आहे, असं मनाशी म्हटलं आणि ट्रॅक नेटवर टाकला. नावात भिलाई घातलं. तिकडच्या छापखान्यातल्या पोरांनी तो वाजवला. आणि एक दिवस खाली मालकाच्या पुतण्याचं नाव दिसलं. त्याला आवडला होता. मी घाबरलो असेन असं वाटतं ना तुम्हाला? नाही. मी खूश झालो. भिलाईतलं कुणीतरी माझं ऐकतंय म्हणून.

आठ दिवसांनी कोर्टात मालकाच्या वकिलानं मावशीला विचारलं, "सब्बलनं, दोन घावात, बरोबर ना?" मावशी गडबडली. याला सगळंच ठाऊक आहे असं समजून तिनं मान हलवली.

केस गेली.

वस्तीत बैठक बसली. आतलं कुणीतरी फुटलं, यावर सगळ्यांचं एकमत होतं. विलास नुकताच मालकाच्या भावाच्या गोदामात कामाला लागला होता — दुसरीकडे कुठे काम मिळत नव्हतं म्हणून. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो ओरडून सांगत होता, "मी कावून सांगीन? माही माय आहे ते!" मी त्याच्या शेजारीच बसलो होतो. गुडघ्याला गुडघा लागत होता आमचा. एक वाक्य बोलायचं होतं मला. एकच. मी उठलो, बाहेर गेलो आणि मोबाइलवरून ट्रॅक पुसून टाकला.

मावशीनं त्याच्या हातचं पाणी घेणं सोडलं. तो बायकोला घेऊन गोंदियाला गेला. खोल्या पाडल्या तेव्हा सामान उचलायला मी होतो. मावशीला वैशाली नगरात खोली बघून दिली ती मीच. दवाखान्यात नेणारा मी, औषध आणणारा मी. लोक म्हणायचे, पोटच्यानं नाही केलं ते यानं केलं. आणि मी ते ऐकून घ्यायचो — चार वर्षं.

शेवटी शेवटी ती अंथरुणातून विचारायची, "त्यानं असं कावून केलं असन रे?" रागानं नाही. खरोखर समजत नव्हतं म्हणून. उत्तर माझ्या तोंडात असायचं. मी म्हणायचो, "सोड ना, मावशी."

"तूच माहा लेक," असं म्हणाली एकदा. मी नाही म्हणालो नाही.

ती गेली तेव्हा विलास आला. खांदा मी दिला. तो लोकांच्या मागून चालत राहिला, त्याला कुणी पुढे ये म्हटलं नाही. सगळं आटोपल्यावर माझ्याजवळ आला. केस पांढरे झाले होते त्याचे, आमचं वय एकच.

"माय काही बोलली का माह्याबद्दल?"

काय सांगावं? मला त्याला काहीतरी चांगलं द्यायचं होतं. बघा, तेव्हासुद्धा मी स्वतःला भला समजत होतो.

"तिनं तुले माफ केलं," मी म्हणालो. हेही खोटं. ती असं कधीच म्हणाली नव्हती.

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "पण म्या केलंच नव्हतं ना रे."

मला माहीत होतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो माझा हात धरून रडला.