परबांचा उजवा खांदा

शनिवार, सकाळचे साडेदहा. बोरीवली पश्चिमेतल्या एका सोसायटीचं तळमजल्यावरचं ऑफिस. एक टेबल, चार खुर्च्या, भिंतीला टेकवून ठेवलेला कॅरम बोर्ड. निवृत्त सुभेदार कदम इथे माजी सैनिकांची अपिलं लिहून देतात. फुकट.

मी इथे एका बातमीसाठी आलो होतो. अर्ध्या तासाचं काम होतं, त्याला आता दोन वर्षं झाली. बातमी सातव्या पानावर तीन परिच्छेदांत आटोपली. किस्से मात्र साठतच गेले. सरकारी पत्र आलं की एक किस्सा वाढतो, पत्र आलं नाही की दोन!

त्यातले सगळ्यात जास्त खांद्यांचे. गुडघेवाला लंगडतो, कंबरवाला वाकतो. खांदेवाला शर्ट घालून ताठ उभा राहतो आणि तिथेच त्याची वाट लागते.

सगळ्यात जाड फाईल हवालदार परबांची. गाव मालवणकडचं, नोकरी तोफखान्यात. एका सरावात चिखलात रुतलेली तोफ ढकलताना त्यांचा उजवा खांदा निखळला. पलटणीच्या डॉक्टरने तो जागेवर बसवला आणि परब चौथ्या दिवशी ड्यूटीवर हजर झाले. पुढे तो खांदा येता-जाता निखळायला लागला. निवृत्त होताना त्यांनी अपंगत्वाची पेन्शन मागितली. पेन्शन कार्यालय म्हणालं, या खांद्याचा नोकरीशी संबंध नाही!

तो संबंध आहे, एवढं कागदावर यावं, हीच परबांची मागणी. त्यावरच पेन्शन अवलंबून.

* * *

पहिलं नकारपत्र कदमांनी आमच्यासमोर मोठ्याने वाचलं. ‘अपंगत्वाची सुरुवात शांतता क्षेत्रात झाली असल्याने ते सेवेशी संबंधित मानता येत नाही.’

शांतता क्षेत्र म्हणजे जिथे लढाई चालू नाही असा भाग. कदमांनी चष्मा काढला. “काय रे परब, शांतता क्षेत्रात तोफ हलकी होते काय?”

परबांनी प्रश्न मनावर घेतला. थोडा विचार करून म्हणाले, “नाही साहेब. वजन तेवढंच असतं.”

* * *

मग पत्र आलं, ‘जखमेचा मूळ अहवाल सादर करावा.’ कदमांनी तो मागवला. उत्तर आलं, ‘जतन करण्याची मुदत संपल्याने सदर अहवाल नियमानुसार जाळून नष्ट करण्यात आला आहे.’ कदमांनी तेच उत्तर अपिलाला जोडलं. त्यावर नवं पत्र, ‘नष्ट केलेल्या अहवालाची साक्षांकित प्रत जोडावी!’

माझं डोकं फिरलं. मी कार्यालयात फोन लावला. “जाळलेल्या कागदाची प्रत कुठून आणायची?”

पलीकडचे बाबू अगदी शांत होते. “ते आमच्याकडे येत नाही हो. जाळणारा विभाग वेगळा आहे!”

* * *

अहवाल नाही तर निदान प्रत्यक्षदर्शी साक्षीदार आणा, असं ठरलं. साक्षीदार होता. मुलुंडचे लान्स नाईक मोरे. तोफ एकच, चिखल एकच. परब उजव्या चाकाला, मोरे डाव्या. त्याच धक्क्यात मोऱ्यांचा डावा खांदा गेला होता आणि त्यांचंही अपील चालू होतं. दोघांनी एकमेकांसाठी प्रतिज्ञापत्रं केली.

दोन्ही परत आली. ‘साक्षीदार स्वतः अपीलकर्ता असल्याने साक्ष ग्राह्य नाही.’

मोरे भडकले. “म्हणजे तोफ आपोआप बाहेर आली काय?”

“तिसरं कोण होतं तिथे?” कदमांनी विचारलं.

“तोफच होती, साहेब.”

“मग तिचं प्रतिज्ञापत्र आणा!”

* * *

पण खरी गंमत मेडिकल बोर्डात झाली होती. पहिल्या अपिलाच्या वेळी परबांना तपासणीसाठी बोलावलं. आत गेले. समोर तपासणारे डॉक्टर, वर्दीतले कर्नल. परबांनी खाडकन सॅल्यूट ठोकला. उजव्या हाताने, कपाळापर्यंत, टाच आपटून!

“कैसे हो?” कर्नलनी विचारलं.

“एकदम बढिया, साहब!”

झालं. अहवालात दोन ओळी आल्या. ‘तक्रार नाही. हालचाल समाधानकारक.’

कदम कपाळावर हात मारून म्हणाले, “अरे, सॅल्यूट कशाला ठोकलास?”

“समोर कर्नल होते, साहेब.”

“कर्नल होते म्हणून खांदा बरा झाला?”

“खांदा नाही झाला. पण हात खाली कसा ठेवणार?”

त्यानंतर आठवडाभर त्यांना शर्टाची बाही घालता येत नव्हती.

* * *

दुसऱ्या अपिलाची तारीख आली तेव्हा कदमांनी ठरवलं, आता रंगीत तालीम. हे कार्यालयातलं शेवटचं अपील. यानंतर कोर्टाची पायरी, आणि ती चढायची परबांची तयारी नव्हती. कदम टेबलामागे कर्नल होऊन बसले. परब दारातून आत आले आणि ठोकला सॅल्यूट!

“परत!”

पुन्हा सॅल्यूट. असं पाच वेळा झालं. पाचव्या वेळी परबांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुखण्याचं की लाजेचं, ते मी विचारलं नाही.

परबवहिनी दारात उभ्या होत्या. त्या थेट कदमांवरच उखडल्या. “माका बोर्डात नेवा, साहेब. ह्येंका इचारू नका. ह्ये मरतानाय ‘बढिया’च म्हणतले!”

शेवटी मोऱ्यांनी तोडगा काढला. दोन्ही हातांत सामान असेल तर जवान सॅल्यूट करत नाही, नुसतं ताठ उभं राहून ‘जय हिंद’ म्हणतो. “परब्या, ती जाडी फाईल दोन्ही हातांनी धर. सोडू नको, बस्स!”

झकास आयडिया. फाईल दोन वर्षांत एवढी फुगली होती, तिचा काहीतरी उपयोग झाला!

* * *

बोर्डाच्या दिवशी परबांना त्याच सरकारी इस्पितळात दोन कामं होती. सकाळी अपिलाची तपासणी. दुपारी वेगळीच. पेन्शनचं काही खरं नाही म्हणून त्यांनी ट्रॉम्बेकडच्या एका सरकारी आवारात सुरक्षारक्षकाच्या जागेसाठी अर्ज केला होता, आणि त्याची वैद्यकीय चाचणी नेमकी त्याच दिवशी आली. कदम आणि मी बाहेर बाकावर बसलो होतो.

सकाळी परब फाईल छातीशी धरून आत गेले. ‘जय हिंद’ म्हणाले. सगळं ठरल्याप्रमाणे. कर्नल म्हणाले, “फाईल टेबल पे रखो.”

परबांनी फाईल ठेवली. हात मोकळे झाले. आणि उजवा हात गेला वर!

बाहेर आले तेव्हा चेहरा पांढराफटक. उजवा हात डाव्या हाताने धरलेला. कदमांनी कँटीनमधून चहा आणला आणि परबांनी तो डाव्या हाताने प्यायला.

दुपारी रक्षकाच्या चाचणीला आत गेले, तर समोर तेच कर्नल. आता मात्र तंदुरुस्त दिसायला हवं होतं. परबांनी टाच आपटली, हात उचलला. तो छातीपाशी थांबला. पुन्हा उचलला. पुन्हा थांबला.

दोन्ही कागद आता माझ्यासमोर आहेत. अकरा वीसचा म्हणतो, ‘उजव्या खांद्याची हालचाल पूर्ण. अपील फेटाळण्याची शिफारस.’ तीन दहाचा म्हणतो, ‘उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. रक्षकपदासाठी अपात्र.’ तारीख एक, सही एक, शिक्का एक.

मी कार्यालयाला पत्र लिहून विचारलं, यातला कुठला कागद खरा? नंतर तीन स्मरणपत्रं पाठवली. चारही पत्रांची पोच मिळाली आहे. उत्तर कोणीही दिलेलं नाही.